दौऱ्याला जाताना झोपेचाही हिशोब धरा



ऊस आणि साखर कारखाने पाहण्यासाठी परदेशी जाणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. संचालक, अधिकारी, प्रगतिशील ऊस उत्पादक अशांचे गट ब्राझीलला जातात, कोणी थायलंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला. त्यातही ब्राझीलच्या साओ पावलो राज्याचे आकर्षण मोठे. रिबेराव प्रेतो, पिरासिकाबा या भागात नजर पोचेल तिथपर्यंत ऊस, यंत्राने तोडणी, आणि एकाच गव्हाणीतून गेलेल्या उसापासून साखर व इथेनॉल दोन्ही. शिवाय वेळही सोयीची. आपला गळीत हंगाम मार्च-एप्रिलला आटोपतो आणि तिकडचा एप्रिलला सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत चालतो. आपल्याला सवड असते तेव्हा त्यांचे कारखाने जोरात असतात. तेव्हा जावे, पाहावे, शिकावे, याबद्दल दुमत नाही.

माझे मत वेगळ्या मुद्द्यावर आहे, आणि ते स्पष्ट मांडतो. आपण तिकिटांचा, राहण्याचा, जेवणाचा हिशोब पै-पैने धरतो. पण माणसाच्या झोपेचा हिशोब कोणीच धरत नाही. आठ दिवसांचा दौरा. त्यातला जाण्यायेण्यात प्रत्येकी एक दिवसाहून अधिक मोडतो. उरले पाच दिवस. त्यातले निम्मे जर जांभया देण्यात गेले, तर खर्च कारखान्याचा, म्हणजे तुमचा-आमचा, आणि पदरात काय, तर फोटो!

हे मी ऐकीव सांगत नाही. अशा एका दौऱ्यात मी होतो. कार्यक्रम आखणाऱ्या मंडळींनी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला बैठक ठेवली होती. जेवण झालेले, खोलीत पडदे ओढलेले, भिंतीवर चित्रे दाखवणे सुरू. विषय तोडणी यंत्राचा. आपल्या दृष्टीने लाख मोलाचा. यंत्राच्या वजनाने जमीन किती दबते, खोडव्याच्या बुडख्यावरून चाक जाऊ नये म्हणून सरी किती फुटांची लागते, चार फुटी सरीत ते चालेल का, हे सगळे विचारायचे होते. पण गटातले निम्मे लोक खुर्चीत माना टाकून होते. ही माणसे आळशी नव्हेत. बांधावर पहाटे पाचला हजर असणारी माणसे. मग झाले काय?

झाले एवढेच की तिथे दुपारचे अडीच असले तरी त्यांच्या अंगातल्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले होते. यालाच जेट लॅग म्हणतात. हा अशक्तपणा नव्हे, आजारही नव्हे. शरीर विमानाने चोवीस तासांत पोचते. शरीराचे घड्याळ बैलगाडीने मागून येते.

हे घड्याळ म्हणजे काय?

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. 1729 साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले. ऊन नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत. म्हणजे वेळ सांगणारे काहीतरी झाडाच्या आतच आहे. पुढे हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपला ऊसच बघा ना. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस साडेबारा तासांच्या आसपास येतो, तेव्हा तुऱ्याची क्रिया शेंड्यात सुरू होते आणि पुढे तुरा बाहेर पडतो. ऊस रात्रीची लांबी मोजतो. त्या दिवसांत मध्यरात्री उसावर उजेड पाडला तर तुरा टळतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. मुक्या उसाला जर उजेड आणि अंधार यांचा एवढा हिशोब कळतो, तर माणसाला का नसावा?

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूत आहे आणि त्याला वेळ लावून देतो तो डोळ्यांतून जाणारा उजेड. झोप, भूक, शौच, अंगातली ऊब सगळे त्या घड्याळावर. आपल्या अंगाची ऊब पहाटे चार-साडेचारच्या सुमारास सर्वांत कमी असते. त्या वेळेच्या आधी उजेड मिळाला तर घड्याळ मागे सरकते, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप उशिरा येते. त्या वेळेनंतर उजेड मिळाला तर घड्याळ पुढे सरकते. सगळी किल्ली या एका गोष्टीत आहे.

दुसरी गोष्ट. बहुतेकांचे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असते. म्हणून उशिरा झोपणे सोपे, लवकर झोपणे कठीण. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, ते शरीराला त्यातल्या त्यात सोसते. पूर्वेला जाताना दिवस आखडतो, ते जड जाते. पश्चिमेकडे घड्याळ रोज एक-दीड तास सरकते, पूर्वेकडे जेमतेम तासभर. साओ पावलोची वेळ आपल्यामागे साडेआठ तास. तिकडे पूर्वी उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत. 2019 पासून ते बंद झाले, त्यामुळे फरक बारमाही सारखाच. आता करा हिशोब. साडेआठ तास जुळायला सहा-सात दिवस हवेत, आणि आपला मुक्काम पाच दिवसांचा. म्हणजे घड्याळ जुळत येते न येते तोच परतीचे विमान!

म्हणून लहान दौऱ्यात घड्याळ पूर्ण जुळवण्याचा हट्ट धरू नये. कामच घड्याळाच्या सोयीने लावावे. माझ्या मताचे सार हेच.

ब्राझीलला सकाळ आपली, ऑस्ट्रेलियात दुपार आपली

ब्राझीलमध्ये सकाळी सात ते बारा म्हणजे आपल्याकडचे दुपारी साडेतीन ते रात्री साडेआठ. या वेळेत डोके ताजे असते. शेतावर फिरणे, यंत्र पाहणे, प्रश्न विचारणे, सगळी महत्त्वाची कामे या पाच तासांत बसवावीत. दुपारच्या जेवणानंतर बंद खोलीतली बैठक नको. त्या वेळी उघड्यावर हिंडावे. उन्हात राहण्याचा दुहेरी फायदा आहे. झोप उडते आणि तो उजेड घड्याळाला मागे, म्हणजे आपल्याला हव्या त्या दिशेला ढकलतो.

संध्याकाळी आठनंतर मात्र उलट. तिथले आठ म्हणजे आपली पहाटेची साडेचार. त्यानंतर लख्ख दिवे आणि मोबाईल टाळावा. दहाला अंग टाकले तरी रात्री एक-दोनला टक्क जाग येणार, हे धरून चालावे. कारण आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ-साडेदहा वाजलेले असतात. घरी फोन लावण्याचा मोह होतो, लावू नये. दिवा न लावता अंधारात पडून राहावे. झोप लागली नाही तरी विसावा मिळतो आणि घड्याळ उलट्या दिशेला ओढले जात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची गोष्ट उलटी. ते आपल्या पूर्वेला, साडेचार तास पुढे. तिथे सकाळी आठला बैठक म्हणजे आपल्या पहाटेच्या साडेतीनला! तिथे महत्त्वाचे काम अकरानंतर ठेवावे. थायलंडचा फरक दीड तासाचा, त्याची चिंता नको. आणि कोणी दोन दिवसांसाठीच लंडनला साखर परिषदेला जात असेल, तर त्याने घड्याळ बदलण्याच्या भानगडीत पडूच नये. तिथे लवकर झोपावे, लवकर उठावे आणि भेटीगाठी दुपारी तीनच्या आत उरकाव्यात.

परतल्यावरचे दोन-तीन दिवस जाण्यापेक्षा कठीण, कारण आता आपण पूर्वेकडे आलेलो असतो. पहाटे उठून थेट उन्हात जाऊ नये. त्या वेळी शरीराच्या लेखी अजून मध्यरात्र असते आणि उजेड घड्याळ उलटे फिरवतो. दहानंतर आणि दुपारी मात्र भरपूर उजेड घ्यावा. हे दोन दिवस स्वतः मोटारसायकल किंवा गाडी चालवू नये. विमानतळावरून रात्रीच गाडी हाकत गावी येण्याची आपल्याकडे फार हौस. ती जिवावर बेतू शकते.

कॉफीचे म्हणाल तर ब्राझीलमध्ये ती जागोजागी पुढे येते. दुपारपर्यंत खुशाल घ्यावी, चारनंतर नको. दुपारी फारच पेंग आली तर वीस मिनिटे डोळा लावावा. दोन तास ताणून दिली की रात्र गेलीच. विमानात दारू घेतल्याने झोप लागल्यासारखी वाटते पण टिकत नाही. पाणी प्यावे, अधूनमधून उठून चालावे; तासन् तास पाय लोंबकळत ठेवले तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

मेलॅटोनिनच्या गोळीबद्दल बरेच जण विचारतात. पाच तासांहून अधिक फरकाच्या प्रवासात, तिथल्या झोपेच्या वेळी घेतल्यास ती उपयोगी पडते असे चाचण्यांत दिसले आहे. पण फिट्स येणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. साखरेचा आजार असून इन्शुलिन घेणाऱ्या सभासदांनी तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वेळापत्रकच लिहून घ्यावे. जेवणाची वेळ बदलली आणि इन्शुलिनची बदलली नाही तर प्रसंग ओढवतो.

माझ्या सूचना

संचालक मंडळाने पुढील दौरा ठरवताना पुढील गोष्टींचा विचार करावा असे नम्रपणे सुचवतो.

1. पोचल्याचा दिवस मोकळा ठेवावा. एक ठिकाण कमी झाले तरी चालेल. सहा ठिकाणे पेंगत पाहण्यापेक्षा चार जागेपणी पाहिलेली बरी.

2. पहिल्या दोन दिवसांत यंत्राच्या खरेदीची बोलणी किंवा कसल्याही कागदावर सही करू नये. झोप मोडलेला माणूस घासाघीस करू शकत नाही.

3. प्रत्येकाने कोणता प्रश्न विचारायचा हे निघण्यापूर्वी लिहून वाटून घ्यावे आणि उत्तर त्याच दिवशी वहीत टिपावे. अर्धवट झोपेत ऐकलेले लक्षात राहत नाही.

4. परतल्यावर दोन दिवस गटातल्या कोणालाही कारखान्याच्या कामावर बोलावू नये. अहवाल मात्र पंधरा दिवसांत सभासदांपुढे आला पाहिजे.

आता काही सभासद म्हणतील, "साहेब, हे लाड कशाला? आम्ही रात्र रात्र उसाला पाणी पाजणारी माणसे. आम्हाला कसला आलाय जेट लॅग?" या प्रश्नाला मी टाळणार नाही, उलट तोच मला महत्त्वाचा वाटतो. काही दिवस दिवसाची वीज आणि काही दिवस रात्रीची, अशा पाळीत दारे धरणारा शेतकरी विमानात न बसता दर आठवड्याला परदेशवारी करतो. त्याचे घड्याळ कधी जुळतच नाही. अशा पाळीची सवय होते असे आपण म्हणतो, पण सवय होते ती सोसण्याची. शरीर मात्र किंमत मोजत राहते. अंधारात साप, ओल्या जमिनीत उघडी वायर आणि त्यात पेंगुळलेले डोळे, हे सगळे तुम्ही जाणताच. सौर फीडरमुळे काही भागात दिवसा वीज मिळू लागली आहे. ज्या गटांत ती अजून नाही, तिथे आपण सर्वांनी मिळून पाठपुरावा केला पाहिजे. दिवसा वीज मागताना आपण विजेइतकीच झोपही मागत असतो.

कारखान्यातही तेच. कामगारांच्या पाळ्या सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढे सरकत्या असाव्यात, उलट्या नसाव्यात. कारण वर सांगितले तेच, दिवस लांबवणे शरीराला सोपे, आखडणे अवघड. आणि हंगामात पहाटे दोन ते पाच या वेळेत रस्त्यावर असणाऱ्या आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाड्या. अंगाची ऊब सर्वांत कमी आणि पेंग सर्वांत जास्त असते ती हीच वेळ. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर आणि ड्रायव्हरला दोन खेपांच्या मध्ये झोप, या दोन्ही गोष्टी सारख्याच सक्तीच्या असल्या पाहिजेत.

परदेश दौऱ्यावर दरसाली फार तर दहा-वीस माणसे जातात. पण घड्याळ मोडलेली माणसे आपल्या कार्यक्षेत्रात हजारोंनी आहेत. साहेबांना विमानातून उतरल्यावर एक दिवस विसावा हवा, हे आपण मान्य केले, तर रात्रभर दारे धरलेल्या सभासदाला दुसऱ्या दिवशी दुपारी झोप हवी आणि त्या वेळी त्याला गट कार्यालयात हेलपाटा घालायला लावू नये, हेही मान्य करावे लागेल. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या विषयावर सभासदांनी आपली मते जरूर मांडावीत.

कळावे, लोभ असावा.

— ऊस विकास अधिकारी