खुनाच्या खटल्याचा खेळ काय शिकवतो?

ऑनलाइन गेमिंगविषयीचा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. लोकसभेने २० तारखेला आणि राज्यसभेने २१ तारखेला विधेयक मंजूर केले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या गेमवर या कायद्याने बंदी घातली. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम वेगळे काढून त्यांना प्रोत्साहन द्यायचेही ठरवले आहे. कायद्याची ही दुसरी बाजू मात्र घरोघरी फारशी पोहोचलेली नाही. मुलगा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसला की रमीपासून शब्दकोड्यांपर्यंत सगळे 'गेम' या एकाच पोत्यात भरले जाते.

नागोठण्यात काय किंवा पनवेलमध्ये काय, स्थिती सारखीच. दिवा-रोहा गाडीत मान खाली घालून बसलेला कॉलेजचा मुलगा नेमके काय खेळतो आहे, हे शेजारी बसलेल्याला कळत नाही. तो पैसे हरत असेल, किंवा खुनाच्या खटल्यातल्या साक्षीदाराची उलटतपासणीही घेत असेल. या दोन गोष्टींचा मनावर होणारा परिणाम एकसारखा असू शकत नाही. आज त्यातल्या दुसऱ्या प्रकाराकडे पाहू. गोष्ट सांगत सांगत खटला लढवायला लावणारे हे गेम जगभर आवडीने खेळले जातात आणि ते आता मोबाइलवरही मिळतात.

खेळ कसा चालतो?

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध गेम म्हणजे 'एस अ‍ॅटर्नी'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो २००१ मध्ये आणला. त्याचे लेखक-दिग्दर्शक शू ताकुमी. खेळणारा असतो फिनिक्स राइट नावाचा नवखा वकील. त्याच्या अशिलावर खुनाचा आरोप असतो आणि सगळा पुरावा त्याच्या विरोधात दिसत असतो. आधी घटनास्थळी फिरून वस्तू, फोटो, शवविच्छेदनाचा अहवाल गोळा करायचा. मग कोर्टात उभे राहायचे. साक्षीदाराची जबानी पडद्यावर एकेक वाक्य करून येते. कोणत्याही वाक्यावर थांबून जास्त खोलात विचारता येते. एखादे वाक्य हातातल्या पुराव्याशी विसंगत वाटले, तर नेमका तो पुरावा पुढे करायचा. भलताच पुरावा दाखवला की दंड. फार चुका झाल्या की अशील दोषी.

हातांच्या चपळाईला इथे काम नाही. वाचायचे, लक्षात ठेवायचे, ताडून पाहायचे. एका अर्थाने हे रहस्यकथेचे पुस्तकच. वाचणाऱ्याने चूक पकडल्याशिवाय पान उलटत नाही, एवढाच फरक.

आरोग्याचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार नोंदलेला आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातली लक्षणे तीन: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर कामे आणि आवडीनिवडी मागे पडून खेळ पहिल्या जागी येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच ठेवणे. त्यामुळे अभ्यास, नोकरी किंवा घरातले संबंध चांगलेच बिघडलेले असावे लागतात आणि सर्वसाधारणपणे हे बारा महिने दिसावे लागते. रविवारी चार तास खेळलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही.

पैशांचे गेम माणसाला धरून ठेवतात ते अनिश्चित बक्षिसाच्या आशेवर. पुढचा डाव लागेल, मग त्याच्या पुढचा. त्याला शेवट नसतो. खटल्याच्या गेमला शेवट असतो. गुन्हा उलगडला की प्रकरण संपते, आणि रहस्य एकदा कळल्यावर तेच पुन्हा खेळण्यात फारशी गंमत उरत नाही. हा फरक मोठा आहे.

धोका अजिबात नाही, असेही नाही. हे गेम गोष्ट अशा ठिकाणी तोडतात की आता झोपावे असे वाटतच नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. 'साक्षीदार खोटे बोलतोय, एवढे बघतो आणि झोपतो' यात रात्रीचा एक वाजतो. यावरचा उपाय सोपा आहे. खेळ मध्येच जतन करून ठेवता येतो. तेव्हा 'अर्ध्या तासात बंद कर' असे म्हणण्यापेक्षा 'ही साक्ष संपली की बंद' असे ठरवावे. मुलाला ते पटते आणि तो ते पाळतोही. आणखी एक, गोष्टी खुनाच्या आहेत. अमेरिकेत या गेमला १३ वर्षे आणि त्यापुढच्या मुलांसाठीचा शेरा आहे. चौथीतल्या मुलाच्या हातात तो देऊ नये.

मेंदूला धार लागते का?

खेळून मुलगा हुशार होईल, ही आशा मात्र आवरती घ्यावी. २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ११ हजार ४३० लोकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत ते तरबेज झाले. ज्यांचा सराव केला नव्हता अशा चाचण्यांत, त्या मिळत्याजुळत्या असूनही, सुधारणा जवळपास दिसली नाही. खटल्याच्या गेममध्ये विसंगती पकडणारा मुलगा वर्तमानपत्रातल्या बातमीतली विसंगती आपोआप पकडेल, असे गृहीत धरता येत नाही. ती सवय गेमबाहेर आणायला कुणीतरी बोलावे लागते.

बोलणे आणखी एका कारणासाठी गरजेचे आहे. गेम न्यायाबद्दल काही चुकीच्या समजुतीही देऊन जातो, आणि त्या गेमपुरत्या राहत नाहीत.

स्मरण म्हणजे फोटो नव्हे

पहिली समजूत अशी, की जबानी पुराव्याशी जुळली नाही म्हणजे साक्षीदार खोटारडा. एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग याचे उत्तर देतो. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा' असे विचारले, तेव्हा सरासरी उत्तर आले ताशी सुमारे ३२ मैल. 'चक्काचूर होत आदळल्या तेव्हा' असे विचारले, तेव्हा सुमारे ४१ मैल. तशाच दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, की फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी 'आदळल्या' हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती आठवली. साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी सात जणांना.

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्याजवळ अपघात झाला, की पाच मिनिटांत वीस साक्षीदार जमतात. 'ट्रक किती जोरात धडकला?' असे कुणी विचारले की त्या 'जोरात'नेच आठवण बदलायला सुरुवात होते. साक्षीदार प्रामाणिक असतो. त्याची आठवण तेवढी दुसऱ्यांच्या शब्दांनी भरलेली असते.

खोटे पकडणारे यंत्र

दुसरी समजूत: खोटे बोलणारा ओळखता येतो. या मालिकेतल्या दुसऱ्या गेमपासून वकिलाच्या हाती एक जादूचा मणी येतो आणि समोरच्याने मनात दडवलेल्या गोष्टींवर कुलपे लागलेली दिसतात. पुढच्या एका भागात साक्षीदाराच्या भावनांचा आलेख यंत्रावर उमटतो. कथेत हे शोभून दिसते. प्रत्यक्षात २४ हजारांहून अधिक लोकांच्या निर्णयांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये घेतला गेला, तेव्हा माणसे खरे-खोटे १०० पैकी ५४ वेळा बरोबर ओळखतात असे दिसले. नाणे उडवले तरी ५० वेळा बरोबर येते.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका खून खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूतल्या विद्युत लहरी मोजणाऱ्या चाचणीचाही आधार घेतला होता. तिची चर्चा परदेशी वृत्तपत्रांतही झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सांगितले, की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कुणावरही संमतीशिवाय करता येणार नाहीत. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा ठरत नाही; त्या आधारे पुढे काही सापडले तर तेवढे कायद्याच्या चौकटीत ग्राह्य धरता येते.

खरा गुन्हेगार कोण?

तिसरी समजूत सर्वांत खोल रुजते. गेममध्ये बहुतेक वेळा आरोपी सुटतो तो खरा खुनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उघडा पडल्यावरच. आपल्या कायद्यात बचाव पक्षावर असे ओझे नाही. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. रास्त संशय उरला की आरोपी सुटला पाहिजे, मग खरा गुन्हेगार सापडो न सापडो. गेमच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला मात्र असा निकाल अर्धवट वाटतो. 'मग केले कुणी?' या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणजे 'वकिलाने सोडवला' असा अर्थ तो लावतो.

माणसाला पूर्ण गोष्ट हवी असते, हे संशोधनातही दिसले आहे. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांनी १९८८ मध्ये तोच पुरावा वेगवेगळ्या क्रमाने लोकांना ऐकवला. सरकार पक्षाचा पुरावा गोष्टीच्या क्रमाने आणि बचावाचा विस्कळीत मांडला, तेव्हा ७८ टक्के लोकांनी आरोपीला दोषी ठरवले. उलटे केले, तेव्हा ३१ टक्क्यांनी. पुरावा तोच, क्रम तेवढा बदललेला.

मुंबईने हे १९५९ मध्ये पाहिले होते. नौदलाचे कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. आहुजा यांच्या अंगावर फक्त टॉवेल होता आणि मृत्यूनंतरही तो तसाच कमरेला होता. झटापट झाली असती तर तो सुटला नसता का? एस अ‍ॅटर्नीमध्ये शोभावी अशी ही विसंगती. तरीही ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने फसवल्या गेलेल्या सचोटीच्या अधिकाऱ्याची गोष्ट शहरभर पोहोचवली होती आणि टॉवेलपेक्षा त्या गोष्टीचे वजन जास्त झाले. सत्र न्यायाधीशांना हा कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

कोर्टातली ज्यूरी गेली, मोबाइलमधली आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. अफवेची गोष्ट पूर्ण होती: मुले, टोळी, अनोळखी चेहरे. एका वाक्यावर थांबून 'हे कुणी पाहिले?' असे विचारणारा त्या गर्दीत कुणी नव्हता, किंवा त्याचे कुणी ऐकले नाही.

पालकांनी काय करावे?

या खेळातली मोलाची गोष्ट हीच आहे: वाक्यावर थांबणे. साक्षीदाराला आणखी विचारल्याबद्दल सहसा दंड होत नाही, पुराव्याशिवाय आरोप केल्याबद्दल होतो. हा नियम घरातल्या गप्पांत आणता येतो. मुलगा खेळत असेल तर शेजारी बसा आणि विचारा: हा माणूस खोटे बोलतोय, की चुकीचे आठवतोय? हे त्याने स्वतः पाहिले, की ऐकले? मग संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर आलेल्या एखाद्या व्हिडिओला तेच प्रश्न लावा.

शक्य असेल तर एखाद्या दिवशी रोह्याच्या किंवा अलिबागच्या कोर्टात त्याला घेऊन जा. काही संवेदनशील खटले सोडले, तर फौजदारी न्यायालय सर्वसाधारणपणे लोकांना खुले असते. तिथे कुणी टेबलावर हात आपटून 'हरकत आहे' असे ओरडणार नाही. सरतपासणी, उलटतपासणी, फेरतपासणी संथपणे चालेल, पुढची तारीख पडेल, मुलगा कंटाळेलही. तो कंटाळाही शिकवतो. कुणाला गुन्हेगार म्हणायला इतका वेळ का लागतो आणि तो लागायलाच का हवा, हे कुठलाही गेम सांगत नाही.