एकदाच काय ते काढून टाका?

"डॉक्टर, एकदाच काय ते काढून टाका," हे वाक्य आमच्या बीडकडे नवं नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांबाबत ते इतकं चाललं, की २०१९ साली सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येकींना कॅन्सरची भीती घातली गेली होती.

स्तनाच्या गाठीत कॅन्सर खरोखरच असू शकतो, म्हणून तिथे हे वाक्य शहाणपणाचं वाटतं. मला मात्र ते तिथेही तपासून घ्यावंसं वाटतं.

गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करायची, मग तेवढी गाठ काढून स्तन वाचवायचा, ही पद्धत आता रुळली आहे. केमो आधी दिली काय नि नंतर दिली काय, आयुष्यमान सारखंच राहतं. आधी दिली तर जास्त जणींचा स्तन वाचतो. त्याच स्तनात आजार उलटण्याचा धोका थोडा वाढतो, हेही खरं. २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात पंधरा वर्षांत हे प्रमाण २१.४ टक्के होतं. केमो नंतर दिलेल्यांत १५.९. मृत्यूंत फरक नव्हता.

मेख पुढेच आहे. केमोने गाठ कधी एकसंध आकसते, तर कधी विरून इथेतिथे ठिपक्यांसारखी उरते. काढलेल्या तुकड्याच्या कडेला पेशी सापडल्या तर पुन्हा ऑपरेशन. इंग्लंडमध्ये २००५ ते २००८ या काळात स्तन वाचवण्याचं ऑपरेशन झालेल्या दर पाच जणींत साधारण एकीला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं. म्हणजे ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

पण आमच्याकडे ती आधी कोण सांगतो? केमोचे पाच-सहा महिने म्हणजे जवळजवळ अख्खा गाळप हंगाम. मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली. बाई घरी राहिली की कोयता अर्धा होतो. महात्मा फुले योजनेतून उपचार होतात, बुडालेली मजुरी मिळत नाही. नंतर रेडिएशनसाठी बार्शी किंवा संभाजीनगर, तेही कित्येक दिवस सलग. अशात अचानक "पुन्हा ऑपरेशन" म्हटलं की घरचे म्हणतात, केस बिघडवली. आणि बाई उपचार अर्धवट टाकून गावी परतते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : पहिल्या केमोच्या आधीच सगळा हिशेब मांडा. "ताई, दुसरं ऑपरेशन लागू शकतं; लागलं म्हणजे पहिलं फसलं असं नाही." हेही सांगा, की मोठ्या गाठीत अख्खा स्तन काढला तरी रेडिएशन चुकेलच असं नाही. म्हणजे 'एकदाच' हे तरी कुठे एकदाच असतं?

हे ऐकूनही एखादी म्हणेल, काढूनच टाका. जरूर काढा. पण तो निर्णय तिचा असू द्या; भीतीचा नको आणि मुकादमाच्या उचलीचाही नको.