नदीवरील पूल

मागील अंकीं प्रवासाची हकीकत संपली. आतां चिरंजीवांच्या गांवाविषयीं.

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील टेनेसी राज्यांत, त्याच नांवाच्या नदीकांठीं, चॅटनूगा हें शहर आहे. २०२० च्या शिरगणतीप्रमाणें वस्ती सुमारें १ लक्ष ८१ हजार. न्यूयॉर्कचीं वर्णनें वाचून गेलेल्या आम्हांस येथील शांतता प्रथम चमत्कारिकच वाटली. मोटारीवांचून मनुष्य येथें पांगळा. जुडीभर कोथिंबिरीसाठींही सूनबाईंना सवड होईपर्यंत थांबावें लागे. परंतु वाटेंत भेटणारा अनोळखी गृहस्थ हंसून कुशल विचारतो, आणि मुलें वडीलधाऱ्यांस ‘सर’ म्हणतात! पस्तीस वर्षें वर्ग सांभाळलेल्या मास्तरास आणखी काय हवें?

सायंकाळीं आम्ही वॉलनट स्ट्रीटच्या पुलावर फिरावयास जात असूं. १८९० च्या सुमाराचा हा लोखंडी पूल १९७८ सालीं वाहनांस बंद झाला व १९९३ पासून केवळ पायीं चालणारांचा झाला. लांबी सुमारें २,३७० फूट. खालीं संथ पाणी, वर लेंकुरवाळीं कुटुंबें. आपल्या गांवीं असा पूल हवा होता, असें आम्ही तीन आठवडे घरांत नित्य ऐकवीत होतों.

चौथ्या आठवड्यांत नऊ वर्षांच्या नातीनें आम्हांस पुलाच्या दक्षिण टोंकाशीं असलेल्या पुतळ्यांपाशीं थांबविलें. १९ मार्च १९०६ च्या रात्रीं एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणास जमावानें तुरुंगांतून ओढून आणून याच पुलावर फांस दिला व गोळ्या घातल्या. आरोप एका गोऱ्या स्त्रीवरील अत्याचाराचा. देहान्ताची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानें त्याच दिवशीं थांबविली होती. तें जमावास खपलें नाहीं. त्याची बाजू मांडणारे पार्डन व हचिन्स हे कृष्णवर्णीय वकील गांवास कायमचे मुकले. कैद्याचें रक्षण न करणाऱ्या शेरिफास १९०९ सालीं ९० दिवसांचा कारावास झाला. तो भोगून परतला तेव्हां स्वागतास हजारों लोक जमले. जॉन्सनवरील शिक्षा रद्द झाली ती २००० सालीं, आणि हें स्मारक उभें राहिलें २०२१ सालीं.

“आबा, मारणारे कुठले होते?”

“इथलेच, बाळ.”

“आणि आपल्या गांवीं? तिथं नव्हतं ना असं कांहीं?”

‘नव्हतं’ हा शब्द ओठांशीं आला होता. फांस कोणीं दिला नव्हता, हें खरें. पण १९६८ सालची आमची शाळा आठवली. वर्गांतील एका मुलास माठास हात लावण्याची मुभा नव्हती. त्याच्या ओंजळींत उंचावरून पाणी ओतीत, आणि तें ओतण्याचें काम मॉनिटर या नात्यानें आमच्याकडे होतें. तांब्याचा स्पर्श त्याच्या बोटांस होऊं नये, याविषयीं आम्ही फार दक्ष असूं. गुरुजींनीं त्याबद्दल आमची पाठही थोपटली होती.

बांकावर बसून तिला हें सर्व सांगितलें. तिनें शांतपणें ऐकलें व त्या मुलाचें नांव विचारलें.

पूल ओलांडून घरीं येईपर्यंत आम्ही तें आठवीत होतों. आठवलें नाहीं.