कुत्रं असेल रे!

गेल्या महिन्यातली गोष्ट. संगमनेरला मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. जेवणं उरकून आम्ही चौघं पुण्याला परत निघालो. रात्रीचे साडेबारा, रस्ता मोकळा, पोटात मठ्ठा-जिलबी, मागचे दोघं घोरतायत, गाडी मी चालवतोय. काटा नव्वदच्या आसपास. आळेफाटा मागे पडला आणि नारायणगाव यायच्या आधी डावीकडच्या उसातून काहीतरी बुटकं, लांबट रस्त्यावर आलं. ब्रेकवर पाय जाईपर्यंत 'धप्प' असा आवाज. बास, एवढंच. गाडी हळू केली, आरशात बघितलं, मागे नुसता काळोख. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "कुत्रं असेल रे. चल."

आणि मी चाललो!

सकाळी नंबरप्लेटच्या फटीत केस अडकलेले दिसले. काळपट, राठ, लांब. कुत्र्याचे नक्कीच नव्हते. उदमांजर असेल, आणखी काही असेल. थांबलो असतो तर कळलं असतं. गाडी धुणाऱ्या पोऱ्याने पाइप मारला आणि पुरावा गटारात गेला. तेव्हा मंडळी, आज जे लिहितोय ते आधी स्वतःचे कान उपटण्यासाठी आहे. तुमचे कान जवळपास असतील तर माझा नाइलाज आहे.

अशा वेळी आपण काय म्हणतो बघा. "मध्ये आलं." जणू ते जनावर आपला प्लॅन बिघडवायला टपून बसलं होतं! अहो, मध्ये कोण आलं? जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातले बिबटे उसात राहतात, उसातच त्यांची पिल्लं होतात. ऊस रस्त्याला भिडलेला आणि रात्र ही त्यांची कामाची वेळ. ते आपल्या नाइट शिफ्टला निघालेले असतात आणि त्यांच्या जायच्या वाटेवर आपण चार लेनचं डांबर ओतलेलं असतं. आमच्या धंद्यात डिझाइन चुकलं की 'युजरची चूक' म्हणून तिकीट बंद करायची जुनी खोड आहे. हे त्यातलंच.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे असंच, परदेशात कशी शिस्त असते बघा. दोन वर्षं इंग्लंडात ऑनसाइट होतो, तिथलं सांगतो. तिथे बॅजर नावाचा प्राणी आहे, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, बुटका, दणकट. मी जिवंत बॅजर एकदाही पाहिला नाही. रस्त्याच्या कडेला मेलेले मात्र कितीतरी. तिथल्या १९८८ च्या वाहतूक कायद्यात लिहिलंय की घोडा, गाय-बैल, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी किंवा कुत्रा यांना ठोकर लागली तर ड्रायव्हरने थांबायलाच हवं. या यादीत हरीण नाही, कोल्हा नाही, बॅजरही नाही. खुद्द बॅजरच्या संरक्षणासाठी १९९२ चा वेगळा कायदा असूनही! कारण सरळ आहे. यादीतल्या जनावरांना मालक असतो, आणि मालकाचं नुकसान हेच खरं नुकसान.

आपल्याकडे तरी काय वेगळं? कोणाची बकरी गाडीखाली आली की पाच मिनिटांत गाव गोळा होतं आणि पैसे मोजल्याशिवाय सुटका नाही. बिबट्या मेला तर निदान पंचनामा होतो. ससा, उदमांजर, मुंगूस मेलं तर सकाळी कावळे येतात. ज्याला मालक नाही त्याचा हिशेब नाही. आणि लॉगमध्ये नोंद नाही म्हणजे बगच नाही, असं समजून आपण खूश.

वाघाला तरी आपण कुठे सोडलंय? डिसेंबर २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातला 'बाजीराव' नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत मेला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवेगाव-नागझिरा पट्ट्यात रात्री एक वाघ गाडीखाली आला, कसाबसा निघून फरफटत झाडीत गेला आणि नंतर मेला. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. हळहळून फॉरवर्डही केला असेल. मीसुद्धा केला होता.

यावर उपाय नाही असं नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गावर, कोर्टात भांडणं झाल्यावर का होईना, महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली. २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तर १८ जातींचे प्राणी त्या वाटांनी जाताना दिसले. त्यात ११ वाघ मिळून ८९ वेळा पलीकडे गेले. म्हणजे जनावराला अक्कल आहे, त्याला नीट वाट द्या, तो वापरतो. पण प्रत्येक रस्ता काही उद्या उचलला जाणार नाही. तोवर आपल्या हातात एकच गोष्ट आहे, खरं तर पायात.

थोडं गणित करू. ब्रिटिश हायवे कोडच्या तक्त्याप्रमाणे ताशी ४८ किलोमीटर वेगाला गाडी थांबायला २३ मीटर लागतात. ९६ ला ७३ मीटर. वेग दुप्पट, अंतर तिपटीपेक्षा जास्त. आणि हे कोरड्या रस्त्यावर, जागा असलेल्या ड्रायव्हरचं. डिपरवर आपल्याला धड दिसतं ते साधारण पन्नास-साठ मीटर. म्हणजे नव्वदने जाताना मी दिसण्याच्या पलीकडे गाडी हाणत होतो. त्या जागी माणूस असता तरी 'धप्प'च झालं असतं. याला अपघात म्हणायचं?

"मग ऐन वेळी गाडी वळवायची ना!" नाही हो. तशाने गाडी उलटते किंवा समोरच्या ट्रकवर जाते. सरळ रेषेत ब्रेक, एवढंच शहाणपण. आणि तो ब्रेक लागू पडायचा तर आधीपासून वेग कमी हवा. अप्पर लाइट डोळ्यांवर पडला की हरीण जागीच थिजतं, तेव्हा लगेच डिपर द्यायचा. एक जनावर गेलं की मागे दुसरं असणार असं धरून चालायचं. धडक बसलीच तर सुरक्षित जागी थांबून वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. जखमी जनावराला हात लावायला मात्र जायचं नाही.

"पण वेळ जातो त्याचं काय?" करा हिशेब. पन्नास किलोमीटर नव्वदने गेलात तर ३३ मिनिटं, साठने गेलात तर ५०. फरक सतरा मिनिटांचा. एवढा वेळ तर आपण चाकणच्या ट्रॅफिकमध्ये एफएम ऐकत सहज घालवतो, आणि तिथे कोणाचा जीवही वाचत नाही.

परवा पुन्हा त्याच रस्त्याने आलो, साठने. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून आमच्या खानदानाचा उद्धार करत होते. करू देत. मित्राचं मात्र अजून तेच चालू आहे, "एवढं काय मनाला लावून घेतोस, कुत्रं असेल म्हटलं ना."

अरे बाबा, कुत्रं असतं तरी थांबायला नको होतं का?