गूळ, गिटहब आणि गूगल

"तू आयटीत आहेस ना गं? मग हे बघ की जरा!"

आतेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. स्थळ : दौंड तालुक्यात केडगावजवळचं त्याचं गुऱ्हाळ. वेळ : हिवाळ्यातली रविवार सकाळ. खराडीच्या ऑफिसातला पाच दिवसांचा एसी अंगातून काढायला मी शनिवारी शिरूरला घरी आले होते आणि सकाळीच गाडी काढून न्हावऱ्यामार्गे इथे पोचले होते. हातात रसाचा ग्लास, समोर रटरटणारी काहिल, नाकात ताज्या गुळाचा वास... आणि हा माणूस मला पीडीएफ दाखवतोय!

पीडीएफ होती एका डिजिटल मार्केटिंगवाल्याच्या पॅकेजची. किंमत १८ हजार रुपये. त्या बदल्यात 'गिटहबवर ४० रिपॉझिटरी, दमदार बॅकलिंक, गूगलवर पहिलं पान आणि एआयच्या उत्तरात हमखास नाव'. पैसे भरून तीन महिने झाले होते. पहिलं पान सोडाच, दहाव्या पानापर्यंत गेले तरी दादा सापडेना. मग एआयला विचारलं, 'पुण्याजवळ केमिकल नसलेला चांगला गूळ कुठे मिळेल?' उत्तर आलं, कोल्हापूर!

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय मिळालाय, त्याच्यावर भरभरून लिहिलं गेलंय. दौंड तालुक्यातही गुऱ्हाळांची कमी नाही, पण त्यांच्याबद्दल लिहिलंय कोणी?

"१८ हजार म्हणजे किती ढेपा झाल्या हो?" वहिनीने विचारलं. कुणी हसलं नाही.

तर मंडळी, आधी बेसिक फंडा क्लिअर करू. गिटहब म्हणजे जगभरच्या प्रोग्रामर मंडळींचं सामायिक कपाट. २००८ साली सुरू झालेलं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तब्बल ७५० कोटी डॉलरना विकत घेतलेलं. त्यातला एकेक कप्पा म्हणजे रिपॉझिटरी, लाडाचं नाव 'रेपो'. (रिझर्व्ह बँकेचा रेपो वेगळा. होम लोनवाल्यांनी टेन्शन घेऊ नये!) कप्प्यावरची पाटी म्हणजे 'रीडमी' नावाची फाइल. आत काय आहे, कसं वापरायचं, ते तिथे लिहायचं.

आता गुळाचं तिथे काय काम? २०२३ साली मेटाने आपल्या 'लामा' मॉडेलला काय काय वाचायला दिलं, त्याचा हिशोब जाहीर केला. त्यात विकिपीडियाचा वाटा साडेचार टक्के आणि गिटहबचाही साडेचार टक्के! म्हणजे यंत्राच्या अभ्यासात विकिपीडियाइतकंच वजन प्रोग्रामरांच्या कपाटाला. बरं, तो विकिपीडिया होता २० भाषांमधला, सगळ्या रोमन किंवा सिरिलिक लिपीतल्या. मराठीचा नंबर लागला नव्हता. अशा बातम्या वाचून मार्केटिंगवाल्यांचे कान टवकारले नसते तरच नवल!

पण त्याच कागदावर पुढे अटीही लिहिल्या आहेत. खुल्या परवान्याचे प्रकल्पच घेतले. एकासारखी एक असलेली फाइल काढून टाकली. कचरा गाळला. दादाच्या रिपोर्टमधले स्क्रीनशॉट बघितले, तर चाळीसही कप्प्यांत एकच परिच्छेद. 'बेस्ट ऑरगॅनिक जॅगरी दौंड, बेस्ट जॅगरी शिरूर, बेस्ट जॅगरी पुणे...' परवाना एकालाही नाही. परीक्षेला बसायच्या आधीच चाळीस जण नापास.

मग बॅकलिंक? एसईओवाले म्हणतात, मोठ्या साइटवरून लिंक आली की तिच्यातून 'ज्यूस' येतो. गूगलने २००५ सालीच 'नोफॉलो' नावाची खूण काढली. अशी खूण असलेल्या लिंकवरून साइटला वजन द्यायचं नाही. २०१९ पासून गूगल ही खूण हुकूम न मानता इशारा मानतं, इतकाच फरक. गिटहबच्या रीडमीतल्या लिंकवर ही खूण असते. दादाच्या भाषेत सांगायचं तर चाळीस लिंक घेतल्या, पण रस नाही, नुसतं चिपाड!

आणि गिटहबच्या नियमांत घाऊक जाहिरातबाजीला मनाई आहे. मी लिंक उघडायला गेले तेव्हा सगळा बाजारच उठलेला होता, खातं गायब. यातून नवे धंदेही निघालेत. रेपो लोकप्रिय दिसावा म्हणून खोटे 'स्टार' विकत घेतात लोक. २०२४ च्या एका संशोधनात असे ४५ लाख संशयास्पद स्टार मोजले गेले. बोला!

मग गिटहब कुचकामी आहे का? मुळीच नाही बॉस. आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. 'एलथ्रीक्यूब' नावाच्या गटाने २०२२ साली 'महाकॉर्पस' प्रसिद्ध केला. २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यं, म्हणजे सुमारे २८ कोटी ९० लाख शब्द. सोबत मराठी कळणारी 'महाबर्ट' मॉडेल्स. सगळं गिटहब आणि हगिंगफेसवर खुलं. 'बेस्ट मराठी डेटा इन पुणे' असं चाळीस वेळा लिहायची त्यांना गरज पडली नाही. ज्याला मराठीवर संगणकाचं काम करायचंय, तो तिथे जातो, वापरतो आणि आपल्या लेखात त्यांचं नाव लिहितो. तो लेख दुसरा वाचतो. मशीनही तेच वाचतं. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' फाँट घ्या. त्याचा सोर्स गिटहबवर खुल्या परवान्याने ठेवलाय. तुमच्या-माझ्या मोबाइलवरच्या कितीतरी मराठी साइट्स त्याच अक्षरांत दिसतात.

फरक कळला? त्यांनी कपाटात वस्तू ठेवली. दादाच्या मार्केटिंगवाल्याने नुसत्या पाट्या लावल्या.

"आपल्याकडे कुठली आलीय वस्तू?" दादा हताश. तेवढ्यात वहिनी आतून एक लांबट वही घेऊन आली. चार हंगामांची वही! प्रत्येक काहिलीची नोंद. ऊस कुठल्या जातीचा, रस किती, चुलाण कधी पेटलं, मळी काढायला भेंडी किती लागली, काहिल किती अंशाला उतरवली, गूळ किती निघाला, रंग कसा आला. गुळव्या डोळ्यांनी आणि बोटांनी पारख करतो, पण वहिनीने थर्मामीटर आणून ते ११८ अंशांच्या आसपासचे आकडे रोज टिपले होते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, एकदा एक काहिल करपली म्हणून!

मी वेडीच झाले. हे गूगलवर कुठे मिळणार?

दुपारी ओसरीवर लॅपटॉप उघडला. वहीत गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि उधारीही होती, ती आधी वगळली. (तुम्हीही लक्षात ठेवा. ऑफिसचा कोड, पासवर्ड, कुणाचे नंबर उघड्या रेपोत टाकणं म्हणजे नोकरी घालवायचा शॉर्टकट!) बाकीच्या नोंदींचा साधा तक्ता केला. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत रीडमी लिहिली. वापरायला परवानगी देणारा परवाना जोडला.

गावाचं नाव लिहिताना मात्र थांबावं लागलं. नुसतं 'शिरूर' लिहिलं तर कुठलं? आमचं घोडनदीचं, बीडचं शिरूर कासार, की लातूरचं शिरूर अनंतपाळ? कर्नाटकातही शिरूर आहे, जुलै २०२४ मध्ये दरड कोसळली ते. शिवाय लोकसभेचा शिरूर मतदारसंघ, ज्यात भोसरी आणि हडपसरही येतात! माणूस संदर्भाने ओळखतो, मशीनचा गोंधळ उडतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी पूर्ण लिहिलं, 'केडगाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे', आणि स्पेलिंग सगळीकडे एकच.

आता तुमच्यासाठी चार फंडे, १८ हजार न घेता...

एक. दुकान, क्लास, केटरिंग असेल तर आधी गूगल बिझनेस प्रोफाइल भरा. फुकट आहे. पत्ता, वेळ, फोटो खरे टाका. पाहिजे असलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा तिथूनच येतं, गिटहबवरून नव्हे.

दोन. रेपो तेव्हाच उघडा, जेव्हा दुसऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी देता येतंय. एक्सेलचं छोटं टूल, बसचं वेळापत्रक, नोंदी, काहीही. परवाना विसरू नका.

तीन. आकडा द्या, आधार द्या. प्रिन्स्टन आणि आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी २०२३ साली तपासलं, एआयच्या उत्तरात कुणाचा मजकूर जास्त झळकतो? आकडे, अवतरणं आणि संदर्भ दिलेल्यांचा, काही ठिकाणी ४० टक्क्यांपर्यंत जास्त. एकच शब्द घोळवत बसण्याचा फायदा जवळपास शून्य.

चार. 'हमखास' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. एआय कुणाचं नाव घेईल याची गॅरंटी ते बनवणारेही देत नाहीत.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? सिनेमासारखं काही नाही. दोन महिन्यांनी एआयला परत विचारलं. उत्तर, कोल्हापूर. रेपोला स्टार मिळाले तीन, त्यातला एक माझा. पण एके दिवशी रेपोत एक प्रश्न येऊन पडला. कुणी तरी शेतीचा विद्यार्थी विचारत होता, 'तिसऱ्या हंगामात काहिल दोन अंश लवकर उतरवलेली दिसते, ती का?' मी वहिनीला फोन लावला. तिने वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्या वर्षी ऊस उशिरा तुटला होता, रस वेगळा होता, रंग बिघडू नये म्हणून घाई केली. मी तसंच्या तसं टाइप केलं.

"त्याने एवढं बारीक वाचलं?" वहिनी दोनदा विचारत होती.

दादाचे पैसे काही परत आले नाहीत. पण यंदाच्या हंगामाची नवी वही आणलीय, आणि वहिनी आता तारखेपुढे साल पण लिहिते. परवा म्हणाली, "पाटीवर गुऱ्हाळाचं नाव आहे ते ठीक, पण नोंदी कोणी ठेवल्या तेही येतं का गं त्यात?"

वहिनी, पहिली ओळ तीच आहे.