परमुलखातील सारथ्य

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊ लागली म्हणजे पूर्वी आमच्या संभाजीनगरात घरोघरी म्हैसमाळ, फार झाले तर महाबळेश्वर, एवढ्याचीच बोलणी चालत. सांप्रत तीच मंडळी झुरिकच्या विमानाची तिकिटे शोधीत बसलेली आढळतात. हा पालट आम्हांस अप्रिय नाही. परंतु गेल्या पंधरवड्यात आमचे एक जुने विद्यार्थी सकाळीच घरी आले आणि म्हणाले, “सर, आईसुद्धा आम्ही घरची सात माणसे स्वित्झर्लंडला निघालो आहोत. तिकडे मोटार भाड्याने घेऊन मीच चालवणार. तुम्ही जाऊन आलात, तेव्हा काय जपावे ते सांगा.” त्यांस जे तोंडी सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

कागदपत्रांचे काम सोपे आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याच आरटीओ कचेरीतून मिळतो. नमुना ४-अ भरावा, १,००० रुपये शुल्क द्यावे. मुदत एक वर्षाची. हा परवाना १९४९ सालच्या जिनीव्हा कराराला अनुसरून दिला जातो, आणि मूळ परवाना सोबत नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. अर्ज सरकारच्या ‘सारथी’ नावाच्या संकेतस्थळावर करता येतो. सरकारी खात्याला एवढे समर्पक नाव सुचावे याचे आम्हांस कौतुक वाटले.

मोटार देणारी कंपनी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागते व त्यावर अनामत अडकवून ठेवते. विम्यातून काच, टायर आणि गाडीची खालची बाजू पुष्कळदा वगळलेली असते. तेव्हा सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचावीत. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत. आम्ही ती काढली नाहीत, आणि चाकावरील जो ओरखडा आमचा नव्हता त्याचे पैसे भरून परत आलो. सात आसनांच्या गाडीत सात माणसे बसली की बोचक्यांस जागा उरत नाही, हेही ध्यानात असावे.

आता मुख्य गोष्ट. कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. शाळेत हे रूपक आम्ही वर्षानुवर्षे शिकविले. पण त्याचा अर्थ खरा कळला तो इंटरलाकेनजवळच्या एका पेट्रोल पंपावर. आमचे जावई पुण्यात पंधरा वर्षे मोटार चालवीत आहेत. स्वित्झर्लंडात रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचे, हे त्यांच्या बुद्धीस पक्के ठाऊक होते. तीन दिवस एकही चूक झाली नव्हती. चौथ्या दिवशी भल्या सकाळी पेट्रोल भरून ते बाहेर पडले. रस्ता निर्मनुष्य. घोड्यांनी आपली जुनी वाट धरली, आणि गाडी डाव्या बाजूने चालू लागली. शेजारी बसलेल्या आम्हांसही त्यात काही वावगे दिसले नाही, कारण सारे घरच्यासारखेच दिसत होते! मागून नऊ वर्षांची नात ओरडली, “बाबा, समोर टँकर!” जावयांनी गाडी एकदम कडेला घेतली. टँकर थांबला. त्याच्या चालकाने भोंगाही वाजविला नाही. नुसता हात उजवीकडे दाखविला आणि आम्ही बाजू बदलेपर्यंत तो उभा राहिला. दुपारच्या जेवणापर्यंत आमच्या कन्येने कोणाशी शब्द काढला नाही.

गर्दीच्या रस्त्यावर इतर गाड्याच आपल्याला बाजू शिकवितात. फसवितो तो मोकळा रस्ता. पंपावरून किंवा उपाहारगृहाच्या आवारातून निघताना, सृष्टिशोभेसाठी थांबून पुन्हा गाडी सुरू करताना आणि एकमार्गी रस्ता संपतो तेथे विशेष सावध असावे. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक वळणापूर्वी मोठ्याने “उजवी बाजू!” म्हणत असू. प्रारंभी जावयांस त्याचा संकोच वाटला; पुढे आम्ही विसरलो तर तेच विचारू लागले. दुसरी खूण अशी की, चालकाचे आसन नेहमी रस्त्याच्या मध्याकडे असावे. ते कडेकडे गेले की बाजू चुकली. गिअर उजव्या हाताने बदलण्याची कसरत नको असेल तर स्वयंचलित गिअरची गाडी मागावी. पायी रस्ता ओलांडताना जवळच्या बाजूची वाहने डावीकडून येतात, हे घरातील वडीलधाऱ्यांस आधीच बजावावे.

समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने नागपूर गाठणाऱ्यांस तिकडचे हमरस्ते अवघड वाटणार नाहीत. तेथेही मर्यादा १२० चीच आहे. गावात ती ५० आणि गावाबाहेर ८० असते, व ती सर्व जण खरोखर पाळतात. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. आपल्याकडे तो ज्याची गाडी मोठी त्याचा असतो. घाटात निळ्या पाटीवर पिवळे शिंग दिसले तर तो टपालबसचा मार्ग समजावा आणि त्या बसचालकाचे ऐकावे. उतरताना खालचा गिअर ठेवावा, हे कन्नडचा घाट उतरणाऱ्यांस सांगणे न लगे.

१२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरांहून बुटक्या मुलांस निराळे आसन लागते. ते गाडीबरोबरच आधी मागवून ठेवावे. नातवंडास मांडीवर घेण्याचा आजीचा आग्रह तेथे चालत नाही. आणि रात्रभर विमानात जागून उतरलेल्या माणसाने त्या दिवशी चाकाला हात लावू नये, हे आमचे ठाम मत आहे.

खरे विचाराल तर पहिल्या वेळेस ब्रिटन, न्यूझीलंड, मॉरिशस अशा डाव्या बाजूच्या देशांतच गाडी हाती घ्यावी. स्वित्झर्लंडात आगगाडी डोंगरमाथ्यापर्यंत जाते. हे ऐकून आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला, पण त्यांच्या मातोश्रींस आगगाडीच पसंत पडल्याचे मागून कळले. शेवटी पहिले तीन दिवस आगगाडी आणि पुढे मोटार असे ठरले असून, चालकाच्या शेजारी बसून “उजवी बाजू!” कोणी म्हणावयाचे, यावर त्या घरात अद्याप वाद चालू आहे.