तक्ता संपल्यावर काय?

घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्या मंडळींचा एक लाडका वाद असतो: कुणाचं सिम्युलेटर जास्त खरं? मग ढग, धावपट्टीवरचे दिवे, कॉकपिटमधली बटणं यावर तासन् तास चर्चा. माझ्या मते प्रश्नच चुकतोय. सिम्युलेटर किती खरं यापेक्षा कुठपर्यंत खरं, हे विचारायला हवं.

आत काय चालतं बघा. लिफ्ट म्हणजे हवेच्या घनतेचा अर्धा भाग, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले पंखाचं क्षेत्रफळ, गुणिले लिफ्ट कोएफिशियंट. वेग निम्मा झाला की लिफ्ट पावपट. पहिल्या तीन गोष्टी सरळ आहेत, गोम आहे ती चौथीत. समोरून येणारी हवा पंखाला किती कोनात भिडते, त्यावर हा आकडा ठरतो. जेएसबीसिमसारख्या ओपन सोर्स मॉडेलमध्ये तो बहुतेकदा तक्त्यातून येतो: काही बिंदू माहीत, मधल्या जागी इंटरपोलेशन. एक्स-प्लेन पंखाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरचं बल काढतं. पण तिथेही पंखाच्या छेदाचा डेटा लागतोच.

कोन साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाची पाठ सोडते आणि लिफ्ट घसरते. हाच स्टॉल. इथून पुढे हवेचा काही नेम नाही. डावा पंख आधी पडेल की उजवा, सांगणं कठीण. मोजणंही कठीण, आणि प्रवासी विमान चाचणीसाठी फार खोल तिथे नेणं धोक्याचं. थोडक्यात, तक्ता संपतो. पण कोड थांबत नाही! तो शेवटचा आकडा धरून बसतो किंवा रेष तशीच पुढे ओढतो, आणि स्क्रीनवरचं विमान झोकात उडत राहतं.

गेममध्ये चालून जाईल हो. पण ट्रेनिंगमध्ये?

१ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ए३३० अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठला, ऑटोपायलट सुटला, नाक वर ओढलं गेलं आणि विमान स्टॉल झालं. सुमारे ३८,००० फुटांवरून साडेतीन मिनिटांत ते पाण्यात गेलं, आणि खाली येताना कोन ३५ अंशांच्या वर होता. याचं खापर एकट्या सिम्युलेटरवर फोडणं चूक ठरेल. पण तेव्हा वैमानिकांना मुख्यतः स्टॉलच्या उंबरठ्यापर्यंतच शिकवत: इशारा वाजला की सावरा. पलीकडचं त्या यंत्रांना तरी कुठे नीट माहीत होतं?

त्याच वर्षी फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान स्टॉल होऊन पडलं, ५० जण गेले. पुढे अमेरिकेच्या एफएएने २०१३ मध्ये पूर्ण स्टॉलचं प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि २०१६ मध्ये त्यासाठी सिम्युलेटरचे निकष वाढवले. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. विमान मॉडेलच्या पडताळलेल्या हद्दीत आहे की बाहेर, हे प्रशिक्षकाला स्क्रीनवर दिसलं पाहिजे.

कुणी म्हणेल, काहीच न शिकवण्यापेक्षा अंदाजे शिकवलेलं बरं. मान्य! पण अंदाज आहे असं सांगून शिकवा. हाताला लागलेली सवय खऱ्या विमानात तशीच वर येते, आणि तिथे रिसेटचं बटण नसतं.

आपण सॉफ्टवेअरवाले डेटा नसेल तिथेही बिनदिक्कत एखादा आकडा परत करतो. किमान एक लाल दिवा तरी लावूया की.